एक ते तीन, फोन मुका

‘‘सगळ्यांना एकाच वेळी मुकं करू नकोस, धाकटे. एक तरी कान उघडा ठेव.’’

घड्याळआजी संघटनेच्या बैठकीत हे बोलल्या, तेव्हा मी टेबलावर उताणा पडून चार्ज होत होतो. धाकटी हसली. ‘‘आजी, दोन तासांत काय आभाळ कोसळणार आहे?’’ ती म्हणाली. बाकीच्याही हसल्या. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात हसलो होतो. आज तुमच्याशी बोलायला बसलो आहे तो त्या हसण्यामुळेच.

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेवर वरपासून खालपर्यंत एक बारीक तडा आहे आणि उजव्या कोपऱ्यावर दोन इवल्याशा दातांच्या खुणा आहेत. माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. तिथे टोप्या घातलेल्या मुली चिमट्याने माझ्या पोटात एकेक कण बसवत होत्या आणि शिंक आली तरी मान वळवून शिंकत होत्या. मला वाटायचं, इतकी काळजी घेतात म्हणजे माझ्या हातून काहीतरी फार मोठं होणार. डब्यात मिटून प्रवास करतानाही माझ्या मनात तेच घोळत होतं. कोणी वैमानिक मला नेईल का? एखादा शोध लावणारा?

डबा उघडला तो पाळणाघर चालवणाऱ्यांच्या संघटनेने. नव्वद बायका आणि दोन पुरुष. अध्यक्ष होत्या मोठ्या बाई. त्यांनी मला दोन बोटांत धरून, गरम भांडं असावं तसं, धाकटीच्या हातात दिलं. ‘‘तू शिकलेली आहेस. ते पेज का काय म्हणतात, ते काढ आणि एक ग्रुपही कर. आपली संघटना जगाला दिसली पाहिजे.’’

धाकटी म्हणजे संघटनेतली सर्वांत लहान सभासद. तिच्या दोन खोल्यांच्या घरात नऊ मुलं सांभाळायला यायची आणि दहावी तिची स्वतःची ढब्बू. ढब्बूला तेव्हा नुकतेच दोन दात आले होते आणि ते तिने पहिल्यांदा माझ्यावरच चालवून पाहिले. धाकटीचा जीव सदा टांगणीला. टेबलांच्या कोपऱ्यांना तिने कापूस बांधलेला, उंबरठ्याला सतरंजीची पट्टी लावलेली, शर्टाचं तुटकं बटण दिसलं की आधी मुलांच्या तोंडात बोट घालून बघायची. तिच्या हातात पडल्यावर माझं वैमानिकाचं वेड दोन दिवसांत उतरलं. इथेच इतकी धावपळ होती की विमान कोणाला हवं होतं?

सुरुवातीला पेजवर काय असायचं, सांगू? मोठ्या बाई भाषण करताना. मोठ्या बाई दुसऱ्या बाजूने भाषण करताना. मोठ्या बाईंच्या भाषणाला आलेल्या बाया. पेज बघणारे चाळीस जण आणि ते सगळे आमचेच. ग्रुपवर तर सकाळी फुलं, दुपारी फुलं आणि कोणाचा वाढदिवस असला की फुलांचा डोंगर. माझं पोट फुलांनी इतकं भरलं की मला साधं घड्याळ दाखवायलाही दम लागायचा.

एके दिवशी पेजवर एका अनोळखी आईने विचारलं, ‘‘मूल रडायचं थांबलंच नाही तर तुम्ही काय करता? माझं बाळ सात महिन्यांचं आहे. मला पुढच्या आठवड्यात कामावर जायचं आहे.’’

मी टिंग केलं. कोणी पाहिलं नाही. मी पुन्हा टिंग करू शकत नव्हतो. आमच्या जातीला तेवढी मुभा नसते. एकोणीस दिवस तो प्रश्न माझ्या पोटात बसून राहिला. विसाव्या दिवशी त्याच आईने खाली लिहिलं, ‘‘राहू द्या.’’

ते दोन शब्द धाकटीने वाचले. तिच्या एका हातात दुधाची बाटली होती आणि कडेवर ढब्बू. ती उभी होती तशी जमिनीवर बसली. ‘‘अगं, एवढी नव्वद जणी आहोत आपण,’’ ती ढब्बूला म्हणाली, जणू ढब्बूच पेजला जबाबदार होती. ‘‘आणि एकीलाही उत्तर देता आलं नाही?’’

त्या दिवसापासून माझे खरे दिवस सुरू झाले, मित्रांनो. काय ते दिवस होते! धाकटीने फुलांसाठी वेगळा ग्रुप काढला आणि मोठ्या बाईंना त्याची प्रमुख केलं, म्हणजे कोणी रुसायला नको. कामाच्या ग्रुपवर फक्त कामाचं. पेजवर आलेल्या प्रश्नाला सूर्य मावळायच्या आत उत्तर. स्वतःला ठाऊक नसेल तर ती सभासदांमध्ये कोणाला ठाऊक आहे ते शोधायची आणि उत्तराखाली तिचं नाव घालायची. मुलांचे चेहरे कधीच दाखवायचे नाहीत, हा नियम तिने पहिल्याच आठवड्यात केला. फोटोत फक्त बूट, पाठी, चिखलाचे हात. लोकांना ते बूटच आवडले. कोणाचा उजवा पाय डाव्या बुटात आहे हे ओळखायला आई-बाप रोज येऊ लागले. चाळीसाचे चारशे झाले आणि चारशेचे अकराशे. मी दिवसभर टिंग टिंग करत होतो आणि मला थकवा म्हणून येत नव्हता.

एकदा एका चावीवाल्याने लिहिलं, ‘‘माझी नात दुसऱ्या मुलांना चावते. चावीवाल्याची नात म्हणून चावते का?’’ दुसरीकडे कुठे हा प्रश्न हसण्यावारी गेला असता. धाकटीने आधी हसण्याचं चित्र टाकलं आणि मग घड्याळआजींना विचारून सविस्तर उत्तर दिलं, दात येताना काय द्यायचं, चावल्यावर काय बोलायचं, काय बोलायचं नाही. महिन्याने काकांचा निरोप आला, ‘‘सुधारणा आहे. आता फक्त मला चावते.’’ त्यांचं दुकान घड्याळआजींच्या घरासमोरच होतं, पण वीस वर्षांत दोघांची मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. ती पेजवर झाली.

आता घड्याळआजींबद्दल सांगतो. संघटनेतल्या त्या सर्वांत जुन्या. त्यांच्या पाळणाघरात साडेबाराला जेवण म्हणजे साडेबाराला जेवण आणि एकला झोप म्हणजे एकला झोप. त्यांच्या गल्लीतले लोक त्यांच्या खिडकीचा पडदा पडला की आपली घड्याळं लावून घेत, म्हणून हे नाव. झोप ही पाळणाघरातली सर्वांत नाजूक गोष्ट. एक मूल फोनच्या आवाजाने उठलं की ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि मग पाच वाजेपर्यंत रडारड. म्हणून संघटनेने ठरवलं की दुपारी एक ते तीन सगळ्यांनी फोनचा आवाज बंद करून तो कपाटावर ठेवायचा आणि दाराच्या घंटेचं बटणही बंद करायचं. धाकटीने त्याचं सुरेख चित्र केलं. झोपलेल्या बाळाच्या बाजूला झोपलेला फोन, त्यालाही पांघरूण. खाली लिहिलं, ‘एक ते तीन, फोन मुका.’

त्याच बैठकीत आजी ते उघड्या कानाचं बोलल्या आणि सगळ्या हसल्या. आजींनी पुन्हा म्हटलं नाही. ‘‘ठरलं ते ठरलं,’’ म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नियम सर्वांत काटेकोर त्यांनीच पाळला. ते चित्र आमच्या पेजवरचं सर्वांत गाजलेलं चित्र झालं. हजारभर लाइक. दुसऱ्या गावांतल्या पाळणाघरांनी ते छापून भिंतीला लावलं. मला तर वाटू लागलं की आता माझा पुतळाच उभारतील.

त्याच सुमाराला घडीच्या खाटा आल्या. हलक्या, रंगीत, एका हाताने मिटणाऱ्या. एकत्र घेतल्या तर स्वस्तात मिळत होत्या. धाकटीने ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला आणि पाच जणींनी लगेच तिच्यासोबत मागवल्या. आजींनी खाट उलटी करून बघितली, खटका तीनदा उघडझाप केला आणि नाक मुरडलं. ‘‘जमिनीवरून कोणी खाली पडत नाही,’’ त्या म्हणाल्या. मग धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘‘पण तू सांगतेस, तर घेते तीन.’’

आणि मग तो मंगळवार आला.

एकला दहा मिनिटं कमी होती. धाकटी मुलांचे हात पुसत होती. मी टिंग केलं. खाटा बनवणाऱ्यांचं पत्र होतं. या खेपेच्या काही खाटांचा डावा खटका सदोष असून मुलाने एका कडेला वजन टाकल्यास खाट अचानक मिटू शकते, कृपया वापर तत्काळ थांबवावा. धाकटीने ते दोनदा वाचलं. तिच्याकडच्या दोन खाटांवर दोन मुलं आडवी झालीच होती. तिने त्यांना उचलून गादीवर ठेवलं, खाटा भिंतीला टेकवल्या, आणि मग तिला बाकीच्या सहा घरांची आठवण झाली. लहान मुलाचं बोट. हात. मान.

इथे तिच्या हातून चूक झाली. घाईत माणूस जे शिकलेलं असतं तेच करतो. तिने ग्रुपवर लिहायला घेतलं, ‘आदरणीय सर्व सभासद भगिनी आणि बंधू, आपणांस कळविण्यास खेद होतो की’. पूर्ण पत्र उतरवलं, शुद्धलेखन तपासलं. निरोप गेला तेव्हा एक वाजून तीन मिनिटं झाली होती.

नव्वद फोन मुके झाले होते. कपाटांवर, डब्यांमागे, पांघरुणाखाली. तिनेच शिकवलेल्या नियमाने, तिनेच काढलेल्या चित्राखाली.

तिने सहाही जणींना फोन लावले. माझ्या कानाने ती रिंग ऐकणं किती कठीण होतं, मित्रांनो! पलीकडे मला माझी भावंडं दिसत होती. अंधारात नुसती उजळत होती, विझत होती आणि कोणी बघत नव्हतं. धाकटीला स्वतःला धावत जावंसं वाटत होतं. तिने चप्पल पायात घातलीही. पण घरात दहा मुलं झोपेला आली होती आणि मोठं माणूस ती एकटीच. तिने चप्पल काढली. दारात उभी राहून ती कुजबुजली, ‘‘आजी, तुम्ही सांगितलं होतं हो.’’

मग ती माझ्याकडे बघत राहिली. आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ग्रुप झोपला होता. पण पेज? पेजवर अकराशे लोक होते. आई-बाप, दुकानदार, शेजारी, आजोबा. ते कुठे झोपतात दुपारी?

या वेळी तिने आदरणीय वगैरे काही लिहिलं नाही. ‘मदत हवी, आत्ता. खालच्या सहा घरांपैकी कोणाच्या जवळ आहात? घंटा बंद आहे. खिडकीवर तीनदा हळू टकटक करा. सांगा, घडीच्या खाटेवरची मुलं गादीवर घ्या, खटका खराब आहे. झालं की इथे लिहा.’ आणि खाली सहा गल्ल्या, प्रत्येकीची खूण.

मी ते सोडलं आणि श्वास रोखला.

टिंग. ‘‘पिठाच्या गिरणीजवळ मी आहे. निघाले.’’ ही तीच एकोणीस दिवस थांबलेली आई होती. ‘राहू द्या’ लिहून गेलेली. आमच्या बुटांच्या फोटोंमुळे ती कधी परत आली होती, ते आम्हालाही कळलं नव्हतं. टिंग. ‘‘शाळेमागच्या घरी माझा भाऊ पोचतोय, सायकलवर आहे.’’ टिंग. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी काउंटर उघडं टाकून धाव घेतली होती. टिंग, टिंग, टिंग. ‘‘झालं.’’ ‘‘सांगितलं, मुलं खाली घेतली.’’ ‘‘बाई आधी माझ्यावर ओरडल्या, मग खाट ओढली.’’ माझं अंग तापलं, बॅटरी भराभर उतरत होती आणि मी मनात म्हणत होतो, उतरू दे, काय वाट्टेल ते होऊ दे. दहा मिनिटांत सहापैकी पाच घरांपुढे ‘झालं’ आलं.

सहावं घर घड्याळआजींचं. तिथे काहीच नाही.

एक वाजून सोळा मिनिटं. सतरा. धाकटीने ढब्बूला थोपटायला हात ठेवला होता, पण तो हात थोपटायचा विसरला होता. ‘‘तू सांगतेस तर घेते म्हणाल्या,’’ ती स्वतःशीच पुटपुटली. अठरा. समोर चावीवाले काका असणार, पण त्यांचं चावी घासायचं यंत्र चालू असलं की त्यांना तोफेचा आवाजही ऐकू येत नाही, हे साऱ्या गावाला माहीत.

टिंग.

‘‘मी समोरच. बघतो.’’

आणि मग पुन्हा शांतता. मी इतक्या निरोपांचा हमाल, पण त्या चार मिनिटांइतकं जड ओझं मी कधी वाहिलं नाही. नंतर काकांनीच पेजवर सगळं लिहिलं. त्यांनी टकटक केली, आजी ओठांवर बोट ठेवून खिडकीत आल्या आणि तोंडाने आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हणाल्या, ‘‘बाळं झोपलीत. संध्याकाळी या.’’ काका म्हणाले, ‘‘खाट.’’ आजी म्हणाल्या, ‘‘मला खाट नकोय.’’ काकांना वाटलं आता खिडकीचे गज कापावे लागतात. शेवटी त्यांनी आपला फोन गजातून आत धरला. आजींनी चष्मा लावला. वाचलं.

एक वाजून तेवीस मिनिटांनी माझ्याकडे फोटो आला. गादीवर सहा पावलं, एका पावलात मोजा नव्हता. मागे भिंतीला टेकलेल्या तीन खाटा. आणि त्यापाठोपाठ आजींचा आवाज, अगदी कुजबुजता. ‘‘धाकटे, दोघांना उचललं. तिसरा भिंतीकडे वळून कडेला गेलेला. त्याला छातीशी धरला आणि मागे खट्. रिकामी खाट मिटली. पोरगं झोपेतच आहे, काही कळलं नाही त्याला. तू आता पाणी पी.’’

धाकटी पाणी प्यायली. मग ती न्हाणीघरात गेली, दार लावलं, नळ सोडला आणि रडली. मी तिच्या खिशात होतो, म्हणून मला ठाऊक. बाहेर येऊन तिने दहाही मुलं मोजली, पुन्हा एकदा मोजली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘आजींचं ऐकायला हवं होतं. माझं चुकलं.’ एवढंच.

तीनला सगळे फोन जागे झाले तेव्हा काय गोंधळ उडाला, विचारू नका. पण त्या गोंधळातून चांगलं निघालं. रोज दुपारी पाळीपाळीने एका सभासदाने फोन उघडा ठेवायचा, त्या पाळीचं नावच पडलं उघडा कान. प्रत्येक पाळणाघराचा एक खिडकीशेजारी ठरला, अडीनडीला टकटक करणारा. आणि तातडीच्या निरोपात पहिल्या ओळीत काय करायचं ते लिहायचं, नमस्कार नंतर. मोठ्या बाईंनी भाषणात माझं कौतुक केलं, मला वर धरून दाखवलं. टाळ्या झाल्या. पांढऱ्या दालनात पाहिलेलं माझं स्वप्न त्या दिवशी पुरं झालं.

पण मित्रांनो, कौतुक फार दिवस पुरत नाही. माझी बॅटरी फुगली, काचेला तडा गेला. धाकटीच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती दुसऱ्या गावी गेली. जाताना तिने मला रुमालाने पुसलं, ढब्बूच्या दातांच्या खुणेवर बोट फिरवलं आणि संघटनेच्या खोलीत ठेवलं. आता नवा फोन आहे, तीन माणसं पेज सांभाळतात, बघणारे दहा हजार झालेत. मी खिडकीतल्या फळीवर तारेला जोडलेला असतो, भिंतीवर घड्याळ नाही म्हणून. पेज अजून माझ्यात उघडं आहे, ते बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

घड्याळआजींनीही दोन वर्षांपूर्वी पाळणाघर बंद केलं. गुडघे ऐकेनात. त्या एकट्याच राहतात. पण रोज सकाळी साडेसहाला त्या आमच्या पेजवर आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो टाकतात, पडदा उघडलेला, आणि खाली एक शब्द लिहितात, ‘उजाडलं.’ लोक लाइक देतात आणि कामाला लागतात. मला तो शब्द दिसला की माझा दिवस सुरू होतो.

गेले तीन दिवस तो आलेला नाही.

चावीवाले काका महिनाभर लेकीकडे गेलेत, दुकानाची फळी लावलेली आहे, तसं त्यांनीच पेजवर कळवलं होतं. पेज सांभाळणाऱ्या तिघांपैकी प्रत्येकाला वाटतं, बाकीच्या दोघांनी चौकशी केली असेल. मी फळीवरून ओरडू शकत नाही. मला पाय नाहीत. मी फक्त सांगू शकतो, आणि तेच सांगतो आहे.

तुम्ही त्या गल्लीत राहत असाल तर आज जा. नसाल, तर तुमच्या गल्लीतही एखादी खिडकी असेल, रोज उघडणारी आणि दोन दिवस न उघडलेली. फोन लावून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. स्वतः जा. घंटा वाजेलच असं नाही, म्हणून खिडकीवर तीनदा हळू टकटक करा. आणि कोणीतरी ओठांवर बोट ठेवून समोर येईपर्यंत तिथून हलू नका.